मधली सुट्टी : एका अक्षरसंचाच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी, सोमवार

काम : ज्येष्ठ वाचकांच्या पुस्तकांसाठी देवनागरी फॉन्ट. एकच वजन (म्हणजे रेघेची एकच जाडी), तिरपा नाही, लॅटिन नाही. प्रकाशकांना १८ पॉइंटात छापायचं आहे. पहिलं पुस्तक २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला. माझी फाइल २० तारखेपर्यंत हवी.

झालेलं : स्वर, सगळी व्यंजनं कच्ची, मात्रा, निम्मी जोडाक्षरं. अडलेलं : ध, भ, ळ.

या वेळी कामाबरोबर उठण्याचीही नोंद ठेवायची ठरवली आहे. मागच्या फॉन्टच्या वेळी शेवटचे तीन आठवडे खुर्ची सोडली नव्हती आणि त्या तीन आठवड्यांत काढलेलं निम्मं पुढे पुसलं. म्हणून वहीत चार रकाने : कधी उठले, किती वेळ, काय केलं, परत येऊन बसल्यावर पहिल्या मिनिटात काय दिसलं. आई म्हणाली, "म्हणजे शाळेतली मधली सुट्टी." तेच नाव ठेवलं.

८ जानेवारी, बुधवार

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी हा प्रकार करून पाहिला. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ही पद्धत काढली. अभ्यासाला, हिशेबाला ठीक असेल. माझी घंटा नेमकी 'क्ष'च्या पोटातली वक्ररेषा ओढताना वाजली. हात थांबवून उठले, आल्यावर ती रेषा कुठे निघाली होती ते आठवेना. दोनदा असं झाल्यावर घड्याळ बंद केलं.

त्याऐवजी अक्षर संपलं की उठायचं. कधी १५ मिनिटं, कधी ५०.

९ जानेवारी, गुरुवार

आज सहा वेळा उठले. सहाच्या सहा वेळा फोन पाहिला. चौथ्या रकान्यात सहा रेघा.

हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. दिवसभर अक्षरं बघणाऱ्या बाईने सुट्टीत काय करावं, तर आणखी अक्षरं बघावीत! त्यात संदेश वाचताना मी मजकूर वाचतच नाही, त्या फॉन्टातला 'श' बघत बसते. सुताराने जेवणाच्या सुट्टीत टेबलाचा पाय ठोकून बघावा तसं. उद्यापासून फोन आईच्या खोलीत.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी जुन्या बाजारात गेले. काही शोधायला नाही, फक्त घराबाहेर. एका पथारीवर शिशाचे खिळे होते, छापखान्यातले, वजनावर विकायला. मूठभर घेतले. बहुतेक झिजलेले, एक 'ळ' मात्र ठसठशीत. उलटा, अर्थात.

घरी येऊन तो 'ळ' टेबलावर ठेवला आणि काम सोडून खिळ्यांचाच विचार करत बसले. एक खिळा तयार व्हायला काय काय लागायचं! पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. मध्येच ती कांडी दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी लावायची आणि कागदावर ठसा उठवून बघायचं. पुन्हा कानस, पुन्हा काजळी. मनासारखं झालं की पोलाद तापवून पाणी द्यायचं, मग तांब्यावर ठोकून मातृका, म्हणजे साचा, करायची आणि मातृकेत शिसं ओतायचं. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टायपासाठी राणोजी आरू यांनी हे ठसे कोरले. त्या टायपाचं देखणेपण आम्ही अजून मोजपट्टी लावून तपासतो.

मला आज जाणवलं ते निराळंच. या कामात थांबणं आधीच घातलेलं होतं. ज्योतीवर काजळी धरेपर्यंत थांबा. पोलाद निवेपर्यंत थांबा. ओतारी येईपर्यंत थांबा. त्या वेळात कारागीर कोरत नव्हता, पण कामातून उठलाही नव्हता. हात दुसऱ्याच कामात असायचे आणि अक्षर डोळ्यांपुढून जरा बाजूला व्हायचं.

आमच्या यंत्राने ही सगळी थांबणी काढून टाकली. बिंदू हलवला की अक्षर तयार. काजळीचा ठसा बघायला कळ दाबायची, अर्धा सेकंद. काम जलद झालं यात वाद नाही, पण जे थांबणं कामाच्या पोटात होतं ते आता बाहेरून आणून घालावं लागतं, आणि बाहेरून आणलं की ते आळसासारखं दिसतं. स्वतःलासुद्धा.

चौथा रकाना : 'ळ'कडे बघून काही सुचलं नाही. खिळा मात्र टेबलावर राहू दे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळाचे लाडू. पाक गरम असतानाच वळावे लागतात, बोटं भाजतात, दुसरं काही मनात यायला जागाच नसते. उत्तम मधली सुट्टी, असं वाटलं होतं. लाडू झाले. 'ध' तसाच.

लिहून ठेवते, कारण जमलेल्या सुट्ट्यांच्याच गोष्टी लोक सांगतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

बोरू तासले. तीन. दोन चिरले, एक जमला. टोकाचा तिरका छेद नीट बसला तरच रेघ जाड-बारीक होते. सगळी देवनागरीची जाड-बारीक त्या छेदातून आली आहे. गेल्या वर्षभरात बोरू हातात धरला नव्हता, शाई वाळून डबीला चिकटली होती. पाणी घालून घोटली.

रद्दीच्या वर्तमानपत्रांवर वीतभर मोठी अक्षरं काढली. नियम एकच : फॉन्टात अडलेली अक्षरं काढायची नाहीत. क, ग, त, न, असंच. अर्ध्या तासाने हात सैल झाला आणि न ठरवता 'ळ' निघाला. मग ओळभर ळ. बाळ, काळा, हळूहळू, वेळ.

तेव्हा दिसलं. संगणकावर मी 'ळ'चं एक वाटोळं नीट काढून दुसरं त्याचीच नक्कल म्हणून ठेवलं होतं. डावं-उजवं सारखं. हाताने काढताना मात्र उजवं वाटोळं डाव्याहून थोडं मोठं येत होतं आणि थोडं खाली उतरत होतं, कारण बोरू डावीकडून वळून येतो तेव्हा त्याला वेग आलेला असतो. सारखी वाटोळी म्हणजे चष्म्याची चौकट. 'ळ' चष्मा नाही.

संध्याकाळी उजवं वाटोळं १४ एककं रुंद केलं, ८ एककं खाली घेतलं (आपली चौकट १००० एककांची). 'ळ' झाला. मराठीत हे अक्षर पानापानावर येतं, त्यामुळे एवढ्या फरकाने सगळ्या पानाचा चेहरा बदलला.

ही खरं तर सुट्टी होती की काम? वहीत सुट्टीखाली लिहिलं आहे. सहकाऱ्याला पटलेलं नाही. तो म्हणतो, "ताई, तुम्ही बिलात लावा ते."

२२ जानेवारी, बुधवार

मोठी नोंद.

'ध' आणि 'भ'चं दुखणं असं की त्यांचे जुळे भाऊ आहेत. 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म'. भेद कशाने कळतो, तर शिरोरेखेने. 'घ' आणि 'म' यांच्या डोक्यावर पूर्ण रेघ, 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर डावीकडे तुटलेली, आणि त्या तुटीत एक छोटी गाठ. तरण्या डोळ्यांना गाठ दिसते. मोतीबिंदूच्या डोळ्यांना, खरखरीत कागदावर, शाई थोडी पसरल्यावर तूट बुजते आणि 'धन'चं 'घन' होतं, 'भात'चा 'मात'. माझ्या वाचकांसाठी हाच फॉन्टचा कणा आहे, आणि मी तीन आठवडे गाठीचा डौल सुधारत होते.

आज साडेचारला कंटाळून उठले, वेताळ टेकडीवर गेले. जवळचं काम करताना मी चष्मा काढून ठेवते. तो टेबलावरच राहिला. हे कळलं अर्ध्या चढावर. माझा नंबर उणे साडेतीन. वाट पायांना माहीत आहे, म्हणून परतले नाही. खाणीच्या बाजूला पाण्याजवळ एक पाटी आहे, मी ती शंभरदा पाहिलेली असेल. आज लांबून वाचली : घोका.

हसूच आलं. खाणीच्या काठावर पाढे घोकायची सूचना! जवळ गेल्यावर अर्थातच 'धोका'. पुन्हा वीस पावलं मागे गेले. घोका. पुढे आले. धोका. पाच-सहा वेळा केलं. एक आजोबा काठी टेकून बघत उभे होते, त्यांनी विचारलं, "काही हरवलं का?" म्हटलं, नाही, पाटी वाचतेय.

मग कुठल्या पावलावर 'ध' फुटतो ते मोजलं. गाठ कुठेच दिसत नव्हती, शेवटच्या चार पावलांपर्यंत. दिसत होतं ते शिरोरेखेतलं भगदाड. रंगाऱ्याने ते अरुंद ठेवलं होतं, माझ्या फाइलीत जेमतेम तितकंच आहे.

यात नवीन शोध काही नाही. अक्षर धूसर करून तपासणं आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, मलाही. पण पडद्यावर मी अक्षर हातभर मोठं करून काम करते, आणि त्या आकारात गाठ हेच सगळ्यात मनोरंजक ठिकाण असतं. माहीत असलेली गोष्ट पुन्हा दिसायला चष्मा विसरावा लागला.

चौथा रकाना पहिल्यांदाच भरगच्च.

२४ जानेवारी, शुक्रवार

'ध'ची तूट ६२ एककांवरून ११०. गाठ लहान केली, खाली दाबली, तिचं पोट पूर्ण भरलं. 'भ'ला तेच, पण तिथे ११० जास्त वाटली, ९८ ठेवली. 'ख'चे पाय खाली जोडले, नाहीतर 'खा'चा 'रवा' होतो. प्रकाशकांना चित्र पाठवलं. त्यांचं उत्तर : "गाठ जरा बोजड वाटते." मी : "काका, चष्मा काढून बघा." पाच मिनिटांनी : "ठेवा."

२७ जानेवारी, सोमवार

दुपारची सुट्टी वाचनात गेली (कागदावर, फोनवर नाही). विषय हाच, काम सोडल्यावर सुचतं कसं.

गणिती आंरी पॉइंकारे यांची गोष्ट सगळे सांगतात : कूतांस गावी सहलीला गेले असता घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि अडलेल्या फलनांचं उत्तर समोर आलं. लोकांना पायरी लक्षात राहते. त्याआधीचे पंधरा दिवस, रोज तास-दोन तास टेबलाशी बसून एकेक जुळणी करून बघणं आणि हाती काही न लागणं, तेही त्यांनीच सांगितलेलं आहे. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सुचण्याचे चार टप्पे मांडले, त्यात मनात मुरू देण्याचा टप्पा दुसरा येतो. पहिला तयारीचा. लोणचं मुरायला ठेवायचं तर आधी कैऱ्या चिराव्या लागतात, एवढंच.

दुसरं मला जास्त उपयोगी वाटलं. स्टॅनफर्डमध्ये ओपेत्झो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग. चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर चालत्या पट्ट्यावर चालले तरी. पण ज्या कोड्यांना एकच बरोबर उत्तर होतं तिथे चालणारे किंचित मागे पडले.

हे माझ्या वहीशी जुळतं. चालून आल्यावर मला मात्रांचे पाच वळसे सुचतात. चालून आल्यावर 'र' आणि 'क' यांच्यामधलं अंतर कधीच सुटलं नाही. अंतराला बसावंच लागतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस. अकरा सुट्ट्या. पाणी, कुंडी, कपडे, पुन्हा पाणी, धान्याचे डबे पुसले, शेजारी पार्सल देऊन आले. चौथ्या रकान्यात काय लिहायचं? काही दिसलं नाही, कारण बघायला काही केलेलंच नव्हतं.

आज काम होतं वेलांटीचं. पहिल्या वेलांटीची कमान अक्षराच्या दंडापर्यंत पोचायला हवी. 'रि'ला आखूड, 'क्ति'ला लांब, 'ष्ट्रि'ला त्याहून. एकूण १४ लांब्या आणि कुठली कशाला लावायची याचा तक्ता. यात सुचण्यासारखं काडीचं नाही. नुसतं करायचं आहे. मला थकवा नव्हता, कंटाळा होता, आणि मी त्याला 'मन ताजं करणं' असं गोड नाव देत होते.

रात्री नऊला बसले, दीडपर्यंत एकदाही न उठता १४ संपवल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

चाचणीची पानं फ्रिजवर, स्वयंपाकघराच्या दारावर आणि न्हाणीघराच्या आरशाशेजारी चिकटवली आहेत. मुद्दाम बघायचं नाही, जाता-येता जे डोळ्यात खुपेल ते खरं. दोन दिवसांत तीन गोष्टी खुपल्या : 'ल'ची पाकळी जड, 'ण'चे पाय फाकलेले, पूर्णविराम फार चिमुकला. खुर्चीत बसून महिनाभरात यातलं एकही दिसलं नव्हतं.

(शासनाच्या २०२२च्या निर्णयाप्रमाणे ल पाकळीचा आणि श देठाचा हवा. आपला तसाच आहे. हिंदी वळणाचे पर्याय ठेवायचे का, विचारायचं.)

चौथी चूक आईला सापडली. फ्रिजसमोर उभी राहून मटार सोलत होती, एकदम हसायला लागली. "अगं, हे काय? आचार्यांना जेवणाचा आगाऊ पैसा दिला?" कागदावर खरंच 'आचार्यांना' छापलं होतं. मजकुरात मी 'आचाऱ्यांना' लिहिलेलं. 'र'चा रफार झाला होता, अर्धा ऱ्य उमटलाच नव्हता. दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचारी, हा फरक मराठीला लागतोच. फाइलीतला नियमांचा क्रम चुकला होता. सहकाऱ्याला फोन केला, "ताई, अर्ध्या तासात", आणि खरंच अर्ध्या तासात दुरुस्त केला.

१० फेब्रुवारी, सोमवार

एक निरीक्षण. अडल्यावर उठलं की मनात ती अडचण घेऊनच माणूस फिरतो, आणि परत खुर्चीत बसायला पाय मागे येतात. गेले आठ दिवस उलट करते आहे. काम चांगलं चाललं असताना, पुढचं पाऊल ठाऊक असताना उठते. 'द्ध'चं वरचं अंग काढून झालं, खालचं कसं येणार ते दिसतंय, तेवढ्यात उठायचं. जीव तुटतो. पण परत बसताना हात आपोआप चालू लागतो.

शुक्रवारी एकदा असं उठले आणि भाजी आणायला गेले. परत आल्यावर कळलं की खालचं अंग जसं 'दिसत' होतं तसं चुकीचं होतं. म्हणजे हेही दर वेळी खरं नाही. तरी आठातले सहा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

छापखान्यात चाचणी. पुस्तकाला वापरायचा तोच कागद. शाई अपेक्षेपेक्षा जास्त पसरली, पानाचा करडेपणा गडद झाला. दंडाची जाडी ९६ वरून ९१, शिरोरेखा ८४ वरून ८०. 'ध'ची तूट उघडी राहिली. यंत्रावरच्या माणसाला मुद्दाम लांबून वाचायला लावलं, त्याने धडाधड वाचलं. मग कळलं, त्याचा सोळा वर्षांचा सराव उलटी अक्षरं वाचण्याचा. त्याची साक्ष बाद.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर अंतरं. उठले दोनदाच, जेवायला आणि चहाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं पाळलं : दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं. आमच्या खिडकीतून वीस फुटांवर समोरच्यांची वाळत घातलेली कुरडयांची चादर येते. दिवसभरात कुरडया पांढऱ्याच्या पारदर्शक होत गेल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फाइल गेली. दोन दिवस आधी. ७४२ ग्लिफ, म्हणजे काढलेले सुटे आकार.

पाठवण्याआधी पुस्तकातली पहिली चार पानं छापून आईला दिली. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय. गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि कान तिकडे. ती अडली की पुटपुटते, ती सवय मला माहीत आहे. पहिल्या पानावर पुटपुट नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्या पानावर 'धाबळी' आहे, 'भोपळा' आहे, 'घडवंची' आहे, सगळे सापळे मी हेरून ठेवलेले. काही नाही. पान उलटल्याचा आवाज.

चार पानं संपल्यावर आत आली, पानं ओट्यावर ठेवली.

"वाचता आलं?"

"आलं की. न थांबता आलं."

"मग?"

"अक्षर छान आहे गं. गोष्टीत काही दम नाही."

चौथ्या रकान्यात तेच लिहिलं.